शोधणाऱ्याला सापडावं म्हणून

संगणकावरच्या पुस्तकांचं आयुष्य थोडं असतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांचे गठ्ठे चाळले, तर डॉस, लोटस, फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक शिकवणारे पाच-सहाशे पानी ठोकळे हमखास निघतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. साठ वर्षांपूर्वीचं पाकशास्त्राचं पुस्तक अजून खपतं. वीस वर्षांपूर्वीचं संगणकाचं पुस्तक रद्दीच्या भावानं जातं. त्यात मराठीची आणखी एक अडचण. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमानं तालुक्यातालुक्यात संगणक पोचवला, हे मोठंच काम झालं. पण ‘संगणकाचं पुस्तक’ म्हणजे कोणतं बटण कधी दाबायचं ते सांगणारं पुस्तक, ही समजूतही त्याबरोबर पक्की होत गेली. अच्युत गोडबोले यांच्यासारख्या लेखकांनी त्यापलीकडचं पुष्कळ लिहिलं, तरी गावच्या वाचनालयात तीही पुस्तकं बहुधा त्याच कपाटात, टायपिंगच्या मार्गदर्शकांना खेटून उभी असतात.

ज्या लेखसंग्रहाची ही प्रस्तावना आहे, त्यात त्या कपाटातले चार खण एकत्र आले आहेत: संगणन, डेटा सायन्स, समाजमाध्यमं आणि ज्ञानव्यवस्थापन. पहिल्या नजरेत हा मेळ ओढूनताणून घातल्यासारखा दिसेल. एका टोकाला गणित, दुसऱ्या टोकाला कंपन्यांच्या सल्लागारांची गुळगुळीत भाषा, आणि मध्ये मोबाइलवरचा गोंगाट. पण चारही खणांतली जी पुस्तकं टिकली, ती एकाच प्रश्नाशी झटताना दिसतात. एकाला ठाऊक असलेली गोष्ट, तिची गरज असलेल्या दुसऱ्या माणसापर्यंत, दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या काळात, पोचते कशी? आणि पोचता पोचता वाटेत काय गळून पडतं? लेखकानं निवड करताना हाच निकष लावला आहे असं मला वाटतं, जरी त्यानं तसं कुठं म्हटलेलं नाही. प्रस्तावनाकाराला एवढं स्वातंत्र्य असावं. मी इथं मुख्यतः त्या गळतीबद्दल बोलणार आहे, कारण पोचण्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

संग्रहाची सुरुवात व्हॅनेव्हर बुशच्या लेखापासून होते, ते योग्यच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारी वैज्ञानिक संशोधनाचा कारभार या इंजिनियरच्या हाती होता. सुमारे सहा हजार शास्त्रज्ञांच्या कामाचा मेळ त्याला घालावा लागे. जुलै १९४५ मध्ये, हिरोशिमाच्या आधी काही आठवडे, ‘अटलांटिक’ मासिकात त्याचा लेख आला. त्याची तक्रार अशी की संशोधनाचा डोंगर वाढतोय आणि त्यातून हवं ते काढण्याची आपली रीत मात्र जुनीपुराणीच आहे. मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं काम एक पिढीभर जगाला हरवलं होतं, कारण ते समजू शकतील अशांच्या हाती ते पडलंच नाही, हा दाखला तो देतो. मग ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडतो: टेबलासारखं दिसणारं, पोटात मायक्रोफिल्मवर माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं, वर तिरपे पडदे. दोन नोंदी एकदा जोडल्या की पुढच्या खेपेला एक उघडताच दुसरी समोर यावी, आणि अशा जोडण्यांच्या पायवाटा दुसऱ्याला देता याव्यात. हे यंत्र कधीच बांधलं गेलं नाही. लेख मात्र डग्लस एंगलबार्ट नावाच्या नौदलातल्या तरुणानं फिलिपिन्समधल्या रेडक्रॉसच्या वाचनालयात वाचला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी त्यानंच सॅन फ्रान्सिस्कोत माउस, एकमेकांना जोडलेले मजकूर आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करणं, हे सगळं एका बैठकीत दाखवलं.

पुढचा दुवा लोकांना साधारण ठाऊक असतो, पण अर्धाच. टिम बर्नर्स-ली यांनी वेब शोधलं एवढं आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. का शोधलं, ते सांगत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि निघून जातात. अमुक यंत्रणा अशी का बसवली, तमुक प्रोग्राम कुणी लिहिला, ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते. मार्च १९८९ मध्ये त्यांनी वरिष्ठांपुढे जो कागद ठेवला त्याचा विषय होता माहितीचं व्यवस्थापन. त्यावर माइक सेंडल या वरिष्ठानं ‘मोघम, पण उमेद वाटावी असं’ अशा अर्थाचा शेरा मारला आणि काम चालू राहू दिलं. म्हणजे सबंध जगाला गुंडाळणारं हे जाळं मुळात एका कचेरीतल्या माणसांच्या बदल्या-बढत्यांमुळे होणाऱ्या विसराळूपणावरचा उपाय होतं. संगणनाचा खण आणि ज्ञानव्यवस्थापनाचा खण यांच्यामधली फळी इथंच निखळते.

संग्रहातला सर्वांत मोलाचा लेख मात्र माझ्या मते शियाळी रामामृत रंगनाथन यांच्यावरचा. आपल्याकडे रंगनाथन ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेपुरते उरले आहेत. परीक्षेआधी पाच सूत्रं पाठ करायची आणि नंतर विसरायची. हा माणूस मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होता. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि रिकामपणाला इतका कंटाळला की परत शिकवायला घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेला. त्यांनी आधी लंडनला जाऊन ग्रंथालयांचा कारभार बघून ये म्हणून सुचवलं. लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. एक, ग्रंथालयांत कपाटांची व्यवस्था लागलेली दिसली, पण ती वाचकाच्या प्रश्नापुढे तोकडी पडतेय हे गणिती डोक्याला खुपलं. दुसरी, सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं: त्याच पट्ट्या, त्याच चकत्या आणि नट-बोल्ट, आणि त्यांतून हवं ते वाहन.

मेल्विल ड्युईच्या १८७६ च्या पद्धतीत विषयांची यादी आधीच तयार असते आणि पुस्तकाला त्या यादीतली एक जागा मिळते. आता असं समजा की २०१७ साली विदर्भातल्या कपाशीवर आलेल्या गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणावर एक पुस्तक आहे. ते कपाशीच्या रांगेत ठेवायचं, किडींच्या रांगेत, फवारणीच्या, की विदर्भाच्या? कुठंही ठेवलं तरी तीन बाजूंनी येणारे वाचक रिकाम्या हातानं परत जाणार. रंगनाथनांनी यादीच मोडून टाकली. पुस्तकाचा विषय म्हणजे पैलूंची जोडणी, असं त्यांनी धरलं: ज्याच्याबद्दल बोलायचं ती वस्तू, तिचं द्रव्य किंवा गुण, तिच्यावर होणारी क्रिया, जागा आणि काळ. आपल्या उदाहरणात वस्तू कपाशी, क्रिया कीड आणि तिचं नियंत्रण, जागा विदर्भ, काळ २०१७. पैलू सुटे ठेवायचे आणि पुस्तक आलं की मेकॅनोसारखे जोडायचे. १९३३ मध्ये आलेल्या या पद्धतीत पैलू वेगळे दाखवायला अपूर्णविरामाचं चिन्ह वापरलं, म्हणून ती कोलन वर्गीकरण म्हणून ओळखली गेली. गंमत अशी की जगातल्या ग्रंथालयांनी ती फारशी उचलली नाही. कपाटात पुस्तक शेवटी एकाच जागी उभं राहतं, त्याला इलाज नाही. पण पडद्यावर कपाट नसतं. ऑनलाइन दुकानात सदरा घेताना आपण माप, रंग, कापड, किंमत असे चौकोन एकेक करून टिचकावतो आणि यादी आखडत जाते. ती मांडणी पैलूंचीच आहे. बंगळुरूत त्यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्रात हा विचार पुढे शिकवला गेला. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एकात वाचकाचा वेळ वाचवायला सांगितलं आहे. शोधयंत्रं बनवणाऱ्या कोणत्याही अभियंत्याला हे सूत्र परकं वाटणार नाही.

डेटा सायन्सच्या खणाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. या विषयावरची बहुतेक पुस्तकं डेटा हातात आला इथून सुरू होतात. तक्ता तयार आहे, आता प्रारूप कोणतं लावायचं? तक्ता कुणी भरला, उन्हात उभं राहून की पंख्याखाली बसून, याची चौकशी एखाद्या परिशिष्टात असते. कॅथी ओनीलसारख्या गणितज्ञानं २०१६ मध्ये प्रारूपांच्या सामाजिक परिणामांवर लिहिलं, ते पुस्तक या संग्रहात आहे आणि चांगलं आहे. पण मला हवं असलेलं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे आणि लेखकानं त्याला दोनच परिच्छेद दिले आहेत, म्हणून ते इथं थोडं उलगडतो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. लंडनला संख्याशास्त्र शिकून आल्यावर ते कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या ताग आणि भाताच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पाहणीनं काढत होते. शेतात यादृच्छिक जागा निवडायच्या, छोटासा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा. छोटा तुकडा झटपट कापून होतो, त्यामुळे तेवढ्याच खर्चात पुष्कळ ठिकाणी जाता येतं. गणिताच्या हिशेबानं हे बिनचूक होतं. सुखात्म्यांनी शेतातल्या प्रयोगांतून दाखवलं की फार छोटे तुकडे उत्पादन फुगवून सांगतात. कारण गणितात नव्हतं, हातात होतं. तुकड्याच्या कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते बहुधा आत ओढतो.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि कडेला सगळीकडून दहा सेंटीमीटर पीक जास्त आत आलं, तर क्षेत्र २१ टक्क्यांनी फुगतं. तीच दहा सेंटीमीटरची चूक पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात केली तर जेमतेम चार टक्के. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड त्याच्या पोटाच्या मानानं मोठी. नमुन्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक भरून निघत नाही, कारण ती दर वेळी एकाच दिशेला होते. महालनोबिसांचा पक्षही हलका नव्हता. प्रशिक्षित माणसं आणि कडक देखरेख असेल तर हात आवरता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दोघांमधला हा वाद बराच चालला. आजही पीकविम्याची भरपाई ठरवताना पीककापणी प्रयोग होतात, दोरी धरून चौकोन आखला जातो, आणि त्यातून निघालेला आकडा कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसतो. तिथं कडेवरचं रोप कुणाला दिसत नाही. डेटा सायन्सच्या पहिल्या धड्यात सुखात्मे यावेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ज्ञानव्यवस्थापनावरची पुस्तकं बहुतेक रटाळ असतात, हे सांगून टाकलेलं बरं. चार चौकोन, त्यांत बाण, आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी व्यवस्थापकानं काय करावं याची जंत्री. तरी लेखकानं त्या ढिगातून दोन नग वेचून काढले आहेत. एक इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचं १९९५ चं पुस्तक. त्यात मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पाव भाजण्याच्या यंत्राची गोष्ट आहे. पाव काही केल्या नीट होईना. मग यंत्रावर काम करणारी एक अभियंता ओसाकातल्या एका नामवंत हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला राहिली. तो कणीक नुसती ताणत नव्हता, ताणताना पीळ देत होता. त्याला हे विचारलं असतं तर त्यानं कदाचित सांगितलंही नसतं. दुसरं पुस्तक ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाचं, १९९६ चं. झेरॉक्स यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कामगारांबरोबर तो हिंडला. कंपनीनं त्यांना जाड पुस्तिका दिल्या होत्या: हा सांकेतिक क्रमांक आला तर हा भाग बदला. कामगार मात्र जेवायला बसले की एकमेकांना बिघाडांच्या हकिकती सांगत, आणि अवघड बिघाड सुटत ते त्या हकिकतींतून. वरून बघणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. पुढे झेरॉक्सनं ‘युरेका’ नावाची यंत्रणा केली, तिच्यात कामगारच आपले तोडगे लिहीत, सहकारी ते पारखत, आणि तोडग्याखाली तो देणाऱ्याचं नाव राही.

मायकेल पोलान्यी यांनी या न सांगता येणाऱ्या ज्ञानाचा सिद्धांत मांडला, पण तो समजायला मला नोनाकांपेक्षा आपल्याकडचे साखर कारखाने अधिक उपयोगी वाटतात. पॅनमध्ये रस आटत असताना पॅनमन मधूनमधून नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडाकडे धरून बघतो, बोटानं चोळतो, आणि दाणा कसा बसलाय ते सांगतो. मापनयंत्रं शेजारीच असतात, त्यांचे आकडे तो मानतोही. तरी निवृत्तीला आलेल्या चांगल्या पॅनमनला कारखाने हंगामापुरतं परत का बोलावतात, याचं उत्तर कोणत्याही फाइलीत नसतं. सहकारावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलं. त्यातलं राजकारण सगळ्यांनी लिहिलं, हे बोटांचं ज्ञान कुणी फारसं लिहिलं नाही.

समाजमाध्यमांवरचा भाग संग्रहात सर्वांत कमकुवत आहे. दोष लेखकाचा कमी, या खणातल्या पुस्तकांचा जास्त. ती एक तर घाबरवतात किंवा आपलं दुकान कसं वाढवावं ते शिकवतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला मात्र १ जुलै २०१८ ही तारीख विसरता येऊ नये. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारलं गेलं. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत दुचाकीवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसत. मूळ चित्रफीत कराचीत केलेली होती, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा संदेश येतो. कुणीतरी तो शेवट कापला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली, आणि ढकललेल्या निरोपावर तशी खूणही येऊ लागली. निरोप कुणी ढकलला ते कळू लागलं नाही. ढकललेला आहे एवढंच कळू लागलं.

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची जी संवादी प्रारूपं सर्वांच्या हाती आली, त्यांच्यावरची पुस्तकं अजून आकार घेत आहेत आणि लेखकानं त्यांना एकच छोटं टिपण दिलं, हे शहाणपणाचं झालं. त्यातल्या एका निरीक्षणाशी मी सहमत आहे. बुशच्या पायवाटेवरून मागं चालत मूळ कागदापर्यंत जाता आलं असतं. इथं उत्तर सुरेख येतं, पण ते कोणकोणत्या कागदांतून झिरपत आलं, हे प्रारूपाला स्वतःलाही धडपणे सांगता येत नाही.

मूळ कागदापर्यंत पोचता न येण्याचं हे दुखणं मराठीपुरतं अधिक खोल आहे. सी-डॅकच्या कामातून भारतीय लिप्यांच्या संकेतांचं आयएससीआयआय हे मानक १९९१ मध्ये ठरलं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधीच्या रूपावर बेतली आहे. तरीही पुढची कित्येक वर्षं आपले छापखाने आणि प्रकाशक निरनिराळ्या फॉन्टांत काम करत राहिले, ज्यांत ‘क’ दिसतो पण संगणकाच्या लेखी तिथं भलतंच रोमन अक्षर असतं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. कागदावर छापलेलं सुरक्षित राहिलं आणि संगणकावर ठेवलेलं वाचेनासं झालं. वाईच्या विश्वकोशाचे वीस खंड आता महाजालावर शोधता येतात, ही भाग्याची गोष्ट. पण त्या काळातली किती वार्तापत्रं, किती प्रबंध, किती संस्थांचे अहवाल या खड्ड्यात आहेत, याची मोजदाद कुणाकडे असेल असं वाटत नाही.

विश्वकोशाच्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन परत आल्यावर ज्ञानकोशासाठी रीतसर लिमिटेड मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. तेवीस खंडांपैकी पहिले पाच त्यांनी प्रस्तावनेलाच दिले, ते बघता मी इथं फार जागा अडवली असं कुणी म्हणू नये. केतकरांचा मला अधिक आदर वाटतो तो निराळ्याच कारणानं: सूचीसाठी त्यांनी अख्खा खंड राखून ठेवला. मराठी पुस्तकांना सहसा सूची नसते. प्रकाशकांना ती खर्चिक वाटते, लेखकांना कंटाळवाणी, आणि वाचकाला तिची सवयच नाही. या पुस्तकाला सूची आहे, लेखकानं स्वतः केलेली, आणि ई-आवृत्ती युनिकोडमध्ये आहे. छापण्यापूर्वी मला पाठवलेल्या प्रतीत रंगनाथनांच्या नावापुढे अकरा पानं आहेत, सुखात्म्यांच्या नावापुढे एक. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा लेखकाशी याबद्दल बोलायचं आहे.